पाणी आहे, मग खेळाडू कुठे आहेत?

आजचा भाग नवेगावबांधहून एका श्रोत्याने पाठवलेल्या प्रश्नावर आहे. तो बारावीत आहे. विचारतो, "दादा, रीलमध्ये वॉटर स्कीइंग पाहिलं. आपल्या तलावात त्याची तयारी करता येईल का जी?"

थोडक्यात सांगतो. वॉटर स्कीइंगच्या स्लालम प्रकारात पुरुषांना ओढणारी मोटरबोट ताशी ५८ किलोमीटरपर्यंत पळते. म्हणजे रोजच्या सरावाला बोट, पेट्रोल आणि चालवणारा माणूस लागतो. त्यात नवेगावबांध पडलं राष्ट्रीय उद्यान. थंडीत पक्षी उतरतात त्या पाण्यावर इंजिन घुमवायचं म्हणजे बाप्पा, नकोच ते! पण पाण्यावरचा एक खेळ असा आहे ज्याचं इंजिन म्हणजे तुझे स्वतःचे पाय. रोइंग.

मी अर्जुनी मोरगाव तालुक्यातला. तलाव बघतच मोठा झालो. पण शर्यतीची बोट पहिल्यांदा पाहिली ती पुण्यात, सीओईपीत बीटेक करताना, तिथल्या बोट क्लबवर. एकट्याची बोट साधारण आठ मीटर लांब, वजन जेमतेम १४ किलो, आणि रुंदी इतकी कमी की जोरात शिंकलास तरी डुलते. बसायची जागा रुळांवर मागेपुढे सरकते. त्यामुळे ओढताना क्रम ठरलेला असतो: आधी पाय, मग पाठ, शेवटी हात. परत येताना उलटा: हात, पाठ, पाय. नवा माणूस हातांनीच खेचत बसतो आणि पाच मिनिटांत गळतो.

आता माझ्या आवडीचं, गणित. शर्यत २००० मीटरची. व्यायामशाळेतल्या रोइंग मशीनवर ५०० मीटरला दोन मिनिटं, या वेगाने अंतर आठ मिनिटांत संपतं. त्याला साधारण २०० वॅट लागतात. तेच सात मिनिटांत संपवायचं तर? ३०० वॅट! वेळ फक्त आठवा हिस्सा कमी झाला, पण ताकद दीडपट लागली. कारण वेग वाढला की लागणारी ताकद त्याच्या घनाने वाढते. एक एक सेकंद कमी करायला महिने का जातात, ते इथे कळतं.

म्हणून कसून तयारी म्हणजे रोज जीव तोडून पळणं नव्हे. बहुतेक तास संथ जातात. मिनिटाला १८-२० फटके, तासभर, दीड तास, बोलता येईल इतक्याच दमाने. शर्यतीचा वेग, म्हणजे मिनिटाला ३४च्या पुढे, आठवड्यात मोजक्या वेळा. बाकी वेळ वजनं, पोटभर जेवण आणि झोप. तळहाताला फोड येतात, फुटतात, मग घट्टे पडतात. हे सगळं वर्षानुवर्षं चालतं. कंटाळवाणं आहे, आधीच सांगतो.

आता दत्तू भोकनळ यांची गोष्ट. नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही, दुष्काळी गाव. वडिलांबरोबर विहिरी खोदायचं काम केलेला हा मुलगा २०१२ साली सैन्यात गेला. रोइंग तिथे सुरू झालं, तेही विशीनंतर. पुण्यात दापोडीच्या सीएमईत शर्यतीच्या मापाचा सरळ जलमार्ग आहे. २०१६ मध्ये ते रिओ ऑलिंपिकला गेले, भारताचे एकमेव रोअर म्हणून, आणि एकेरीत १३वे आले. शेवटच्या शर्यतीची वेळ ६ मिनिटं ५४.९६ सेकंद. २०१८च्या आशियाई स्पर्धेत स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्यासोबत चौघांच्या बोटीत सुवर्णपदक मिळालं.

आता बघा. ज्याच्या गावात पाणी नाही तो ऑलिंपिकला, आणि आपण तलावांचा जिल्हा! नवेगावबांध, बोदलकसा, चोरखमारा, इटियाडोह. ढिवर समाजातली पोरं डोंग्यात तोल सांभाळत वाढतात. तोल शिकवायला पुण्यात प्रशिक्षक ठेवावा लागतो, मंडळी.

मला वाटतं फरक पाण्याचा नाहीच. विहीर खोदून अंगात बळ आलं असेल, पण त्या बळाला बोट, प्रशिक्षक, दोन वेळचं सकस जेवण आणि महिन्याचा पगार सैन्याने दिला. रोज चार-पाच तास सरावात घालवणाऱ्या पोराच्या घरी रोवणीला कोण जाणार, याचं उत्तर तिथे मिळालं होतं. आपल्याकडे ते उत्तर नाही. आणि पुणे म्हणजे महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये जवळपास अख्खा दिवस.

शर्यतीच्या बोटीला लाखांत पैसे लागतात, मान्य. पण सुरुवात बोटीने होत नाही. तालुक्याच्या एका शाळेत दोन रोइंग मशीन, महिन्यातून दोनदा येणारा प्रशिक्षक आणि सगळ्यांना पोहणं सक्तीचं. एवढ्यावर वर्षभरात कळतं, कोणाची छाती आणि चिकाटी किती आहे. मग अभयारण्याबाहेरचा एखादा जलाशय, लाइफ जॅकेट आणि जुनी बोट. मशीनच्या पैशासाठी मी आणि माझे चार मित्र तयार आहोत. जागा आणि शाळा हवी.

तर भावा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: स्की सोड, वल्हं धर. आधी नीट पोहायला शीक, रोज अर्धा तास पळ, आणि बारावीचा अभ्यास सोडू नकोस, कारण सैन्याच्या भरतीत दोन्ही लागतं.

ऐकणाऱ्यांपैकी कोणी गोंदिया जिल्ह्यात क्रीडाशिक्षक असाल, तर व्हॉइस नोट नक्की पाठवा. पुढच्या भागात तीच ऐकवू. चला, भेटू.