सौम्य सत्तेचा आखूड दोर
(अभ्यास-शिबिरातील भाषण)



राष्ट्रांच्या व्यवहारात कठोर सत्ता आणि सौम्य सत्ता असा भेद केला जातो. शस्त्रांचा धाक आणि पैशाचा दाब ही कठोर सत्ता. संस्कृती, विचार व धोरणे यांचे आकर्षण ही सौम्य. जोसेफ नाय या अमेरिकन अभ्यासकाने १९९० साली ही परिभाषा मांडली. ती उपयुक्त आहे. परंतु घेणाऱ्याच्या बाजूने पाहिले, की सीमारेषा पुसट होते.

आपल्यातील वडीलधाऱ्यांना रेशनच्या दुकानातील अमेरिकन गहू आठवत असेल. १९५४ च्या पी. एल. ४८० या कायद्याखाली तो येई. अमेरिकेच्या कोठारांत धान्य मावत नव्हते, आपल्याकडे ते पुरत नव्हते. किंमत रुपयांत चुकवायची. केनेडींच्या काळात योजनेला ‘शांततेसाठी अन्न’ हे गोंडस नाव मिळाले. १९६० साली अन्नमंत्री स. का. पाटील यांनी चार वर्षांचा मोठा करार केला. शेतीची हेळसांड आपणच केली होती. हे विसरून नुसत्या साम्राज्यवादाला शिव्या घालण्यात अर्थ नाही.

१९६५ च्या मध्यापासून अध्यक्ष जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचा करार नाकारला. गहू थोड्याथोड्या हप्त्यांनी सुटू लागला. दोर आखूड ठेवण्याचे हे धोरण ते जातीने राबवीत. शेतीधोरण बदला, ही उघड अट होती, आणि तो सल्ला सर्वस्वी चुकीचाही नव्हता. पण जुलै १९६६ मध्ये इंदिरा गांधींनी मॉस्कोतील संयुक्त पत्रकात व्हिएतनामवरील बॉम्बफेक थांबवण्याची मागणी केली. जॉन्सन संतापले, जहाजे रेंगाळू लागली. इकडे बिहार दुष्काळाने होरपळत होता. गहू तोच होता, पोत्यावरचे हस्तांदोलनाचे चित्रही तेच.

याच गव्हाच्या रुपयांतून १९६२ पासून अमेरिकन ग्रंथालयांसाठी भारतीय भाषांतील पुस्तके विकत घेतली गेली. त्यांत मराठीही होती. तेथील विद्यापीठांत आपल्या भाषेचा अभ्यास या ग्रंथांवर पोसला. ज्याला दोर नव्हता असे त्या योजनेतले हे एक काम.

आता देणाऱ्याच्या जागी आपण आहोत. एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर काही तासांतच भारतीय विमाने काठमांडूला उतरली. सप्टेंबरात नेपाळने नवी राज्यघटना जाहीर केली. ती दिल्लीला रुचली नाही. तराईत मधेशींचे आंदोलन पेटले होते. सीमेवर मालमोटारींच्या रांगा लागल्या आणि फेब्रुवारी २०१६ पर्यंत नेपाळात इंधन व औषधे दुर्मिळ झाली. नाकेबंदी आम्ही केलेली नाही, असे आपले सरकार सांगत राहिले. मधेशींच्या तक्रारींत तथ्य होते, असे माझे मत आहे. परंतु गॅसअभावी लाकडे पेटवून रांधणाऱ्या बाईने त्या विमानांची आठवण कशी ठेवावी?

आपल्या परराष्ट्रविषयक ठरावाच्या मसुद्यात अमेरिकेवर दीड पान आहे, नेपाळवर एक ओळही नाही. ती ओळ मी लिहून आणली आहे. दुपारच्या बैठकीत मांडीन.