शह आणि मात

(मंडळाच्या वासंतिक व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



आमची हयात केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात गेली. भाषाशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. तथापि, एखाद्याचा बेत पुरता फसला म्हणजे इंग्रजीत ‘चेकमेट’ म्हणतात, त्या शब्दाचे कूळ शोधताना आम्हांस जो आनंद झाला, त्यात आपणांस वाटेकरी करून घ्यावे, एवढाच हेतू.

हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ या चार अंगांचा ‘चतुरंग’ आपल्या देशातून इराणात गेला. तेथे पटावरील राजा ‘शाह’ झाला. पुढे हा खेळ अरबांमार्फत युरोपात पोहोचला आणि फ्रेंचांच्या मुखातून ‘शाह’चा इंग्रजी ‘चेक’ झाला. ‘शाह मात’चा ‘चेकमेट’. तोच फारशी शब्द आपल्याकडे ‘शह’ होऊन आला. शहास काटशह देणारा मराठी माणूस आणि ‘चेक’ म्हणणारा इंग्रज मुळात एकच शब्द उच्चारीत असतात!

आमच्या खात्याशीही त्याचे नाते आहे. १२व्या शतकात इंग्लंडच्या राजाचा वसूल सुमारे १० फूट लांब व ५ फूट रुंद मेजावर, चौकडीचे कापड अंथरून, चकत्या मांडून मोजीत. बुद्धिबळाच्या पटासारख्या त्या मेजावरून तेथील खजिन्यास ‘एक्स्चेकर’ हे नाव पडले. बँकेचा चेकही याच कुळातला.

‘मात’ म्हणजे ‘मेला’, असे पुष्कळजण सांगतात. अरबीत तसा अर्थ निघतो; परंतु फारशीत ‘मात’ म्हणजे निरुपाय झालेला. पटावरील राजा मारला जात नाही; त्याची वाट तेवढी खुंटते.

आपणां बदलीवाल्यांस शह आणि मात यांतील भेद ध्यानी ठेवण्याजोगा आहे. ‘पुढल्या गणपतीला कायमचे येतो’, असा शब्द आम्ही आईस दिला होता. बदलीचा हुकूम आला आणि पुढला गणपती तिने पाहिला नाही. ती मात होती. तिच्यावर उपाय नव्हता. मुलांची मराठी शाळा हुकली, तो मात्र केवळ शह होता. त्यांनी बाराखडी याच मंडळाच्या रविवारच्या वर्गात गिरवली.

शहाला उत्तर असते. ते एकेकट्यास सुचत नाही, म्हणूनच ५० वर्षांपूर्वी आपल्या वडीलधाऱ्यांनी हे मंडळ उभारले असावे.