जबड्याचे दुखणे

आपली सोलापूरची कडक भाकरी चावताना कानापुढे कळ येते, असे पुष्कळजणी मला सांगतात. ते दुखणे अनेकदा कानाचे नव्हे, जबड्याच्या सांध्याचे असते. काही दिवस भाकरी दुधात कुस्करून खावी, गरम फडक्याने शेकावे, दात आवळून धरू नयेत. बहुतेकींना एवढ्याने आराम पडतो.

परंतु सुपारी खाणारीचे तोंड तिखटाने झोंबू लागले, हळूहळू कमी उघडू लागले, तर दोष बहुधा सांध्याचा नव्हे. गालाची आतली त्वचा ताठर होत असते. १९५२ साली श्वार्ट्झ यांनी आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांत हा विकार नोंदला. त्यातून कर्करोगही उद्भवू शकतो. तोंडात आपली तीन बोटे उभी मावतात का, हे आज घरी पाहा. मावत नसतील तर सुपारी सोडा आणि दंतवैद्यांना गाठा. संकोच करू नका.