जुन्या दुकानाचा हिशेब
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही व्यापारी नव्हे. अर्थशास्त्राचे पंडित तर नव्हेच. मॅट्रिक होऊन उभा जन्म मुलांस त्रैराशिक आणि शेकडेवारी शिकविली, एवढीच आमची पुंजी. परंतु आज अमरावती-अकोल्याकडील आपल्या घराघरांतून एक प्रश्न ऐकू येतो. शेताचा तुकडा विकून, अथवा वडिलांच्या निवृत्तीची रक्कम घालून, एखाद्या नामांकित उपाहारगृहाची शाखा मुलास काढून द्यावी काय? या प्रश्नाचा विचार शेकडेवारीनेच करावयाचा असल्यामुळे बोलण्याचे धाडस करीत आहोत.

उदाहरणादाखल डॉमिनोज हे एकच नाव घेऊ. आपली नातवंडे ते आपल्याहून अधिक जाणतात. ही अमेरिकेत १९६० साली निघालेली संस्था. भारतात तिचे पहिले दुकान १९९६ साली दिल्लीस उघडले. येथील दुकाने जुबिलंट फूडवर्क्स ही कंपनी चालविते. २०१० पासून तिचे भाग शेअरबाजारात असल्याने दर तिमाहीचा हिशेब तिला प्रसिद्ध करावा लागतो आणि तो कोणासही वाचता येतो. मार्च २०२५ अखेर तिची भारतातील डॉमिनोजची दुकाने २,१७९ होती. एवढा आकडा ऐकला की मनुष्य दिपून जातो. पण दुकानांची संख्या म्हणजे धंद्याची प्रकृती नव्हे.

एक सोपे गणित पाहा. दहा दुकाने आहेत व प्रत्येकाची विक्री दहा लाख. एकूण शंभर लाख. पुढील वर्षी प्रत्येक दुकानाची विक्री साडेनऊ लाखांवर आली, म्हणजे पंच्याण्णव लाख. त्याच वर्षी दोन नवी दुकाने निघाली व त्यांनी आठ-आठ लाख विकले. एकूण झाले एकशे अकरा लाख. जाहिरातीत छापून येईल, 'विक्री अकरा टक्के वाढली!' प्रत्यक्षात प्रत्येक जुने दुकान पाच टक्के खाली गेलेले असते. म्हणून जाणता मनुष्य प्रथम हेच विचारतो की, जुन्या दुकानांचे काय झाले?

हे केवळ पाटीवरचे गणित नव्हे. ऑक्टोबर ते डिसेंबर २०२३ या तिमाहीत या कंपनीची भारतातील विक्री सुमारे १,३५५ कोटी रुपये झाली. आदल्या वर्षापेक्षा ती सुमारे तीन टक्के अधिक होती. परंतु त्याच तिमाहीत डॉमिनोजच्या जुन्या दुकानांची विक्री जवळजवळ तीन टक्क्यांनी घटली होती! वर्षभराने चित्र पालटले. २०२४ च्या त्याच तिमाहीत विक्री सुमारे १,६११ कोटींवर गेली आणि जुन्या दुकानांची विक्रीही साडेबारा टक्के वाढली.

मग एका वर्षात गिऱ्हाईक परत का वळले? कंपनीने मधल्या काळात घरपोच पोचविण्याचा आकार सोडून दिला आणि मोठ्या शहरांत वीस मिनिटांत माल पोचविण्याचा चंग बांधला. त्यामुळे डॉमिनोजच्या विक्रीत घरपोच मागणीचा वाटा सत्तर टक्क्यांच्या वर गेला. यावरून गिऱ्हाइकाचा स्वभाव कळतो. पदार्थाचे चारशे रुपये तो निमूटपणे देतो, पण वरचे चाळीस रुपये त्यास दंडासारखे वाटतात. आपणही भाजीवाल्याकडून कोथिंबीर वर मागून घेतोच की! मात्र फुकट पोचविण्याचा खर्च कोणीतरी सोसतोच. हजारो दुकानांची कंपनी तो सोसू शकते. एका दुकानाच्या मालकास तो जड जातो.

आपल्या वऱ्हाडचे गिऱ्हाईक तर अधिकच सावध. त्याच्या हाती पैसा येतो तो दसरा-दिवाळीस सोयाबीन, पुढे कापूस व तूर विकल्यावर. पेरणीच्या दिवसांत तो हात आखडतो. श्रावणात व नवरात्रात कित्येक घरी सामिष वर्ज्य असते. वाढदिवसास मुलांच्या हट्टापायी तो पिझ्झा मागवील. परंतु रोजच्या भुकेस त्याला गिला वडाच रुचतो. दुकानाचे भाडे मात्र बाराही महिने सारखेच द्यावे लागते.

आता मुख्य गोष्ट. गतवर्षी आपल्याच समाजातील एक गृहस्थ आम्हांकडे कागद घेऊन आले. डॉमिनोजची शाखा मिळवून देतो म्हणून कोणी त्यांच्याकडे नोंदणीचे दोन लाख रुपये मागितले होते. बंधूंनो, भारतातील डॉमिनोजची दुकाने जुबिलंट कंपनी स्वतःच चालविते. ती कोणासही शाखा विकत नाही. पश्चिम भारतात मॅक्डोनाल्ड्सची दुकानेही वेस्टलाइफची कंपनी स्वतः चालविते. तेव्हा या नावांनी पैसे मागणारा तो ठकच समजावा. पैसे गेलेच असतील तर लाज न बाळगता १९३० या दूरध्वनी क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. सुदैवाने त्या गृहस्थांनी पैसे भरले नव्हते.

काही संस्था खरोखरच शाखा देतात. त्यांस तीन प्रश्न लेखी विचारावेत. आपल्याएवढ्या गावातील तुमच्या तीन वर्षे जुन्या दुकानाची विक्री किती? तुमचे शुल्क विक्रीवर आहे की नफ्यावर? विक्रीवर असेल तर तोट्यातही ते भरावे लागते, हे ध्यानी धरावे. आणि झोमॅटो-स्विगीसारख्यांची दलाली वजा जाता हाती काय उरते? उत्तर टाळणाऱ्यास दुरूनच नमस्कार करावा.

तरुणांनी धंद्यात पडू नये असे आमचे म्हणणे नाही, अवश्य पडावे. परंतु पाटीवरचे नाव विकत घेण्याआधी एखाद्या चालत्या उपाहारगृहात वर्षभर गल्ल्यावर बसून पाहावे. वडिलोपार्जित जमीन एकदाच विकता येते. हिशेब मात्र कितीही वेळा तपासता येतो.