धर्मग्रामाची भाषा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मराठी वाचकाला ख्रिस्ती घराची ओळख झाली ती बहुधा लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'मधून. ते घर प्रॉटेस्टंट पंथाचं होतं आणि त्यातल्या माणसांनी स्वतःच्या आयुष्यात धर्म बदलला होता. आज मी ज्या घरांविषयी बोलणार आहे, ती निराळी. वसईच्या कॅथलिक घरांमध्ये ख्रिस्ती धर्म येऊन साडेचारशेहून अधिक वर्षं झाली. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी आप्पांनी ती जिंकून घेतली. राज्यकर्ते गेले, त्यांच्याबरोबर आलेले पाद्रीही गेले. केळीच्या वाड्या, पानवेली आणि त्यात राबणारी माणसं मात्र जागेवरच राहिली. धर्म राहिला आणि भाषाही राहिली. ही भाषा मराठी आहे, हे सांगितलं की आजही अनेकांना नवल वाटतं. ख्रिस्ती म्हणजे इंग्रजी बोलणारा, हे आपल्या हिंदी सिनेमाने पक्कं करून ठेवलं आहे!

इंग्रजीत ज्याला 'पॅरिश' म्हणतात, त्याला वसईच्या मराठीने 'धर्मग्राम' असा शब्द दिला. मला तो फार नेमका वाटतो. कॅथलिक माणूस सहसा आपलं चर्च निवडत नाही. ज्या हद्दीत घर, तो आपला धर्मग्राम. प्रमुख धर्मगुरू आवडले नाहीत तरी तेच आपले. शिवाय काही वर्षांनी त्यांची बदली होते आणि लोक तिथेच असतात. बाळाच्या बाप्तिस्म्याची नोंद इथल्या वहीत होते. लग्न ठरलं की तीन रविवार भर मिस्सेत नावं पुकारायची प्रथा आहे, कुणाला अडचण ठाऊक असेल तर त्याने कळवावं म्हणून. आणि लग्न जगात कुठेही लागो, त्याची खबर मूळ धर्मग्रामाला धाडली जाते आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीशेजारी ती टिपून ठेवतात. म्हणजे माणूस कॅनडात गेला तरी त्याच्या आयुष्याची एक ओळ गावातल्या कपाटात लिहिली जात असते.

गावात कुणी गेलं की आधी कळतं ते घंटेवरून. मरणाची घंटा सणाच्या घंटेसारखी वाजत नाही. एकेक टोला सावकाश पडतो. बाया अंगणात थांबतात, 'कोण गेलं?' म्हणून कुंपणापलीकडे विचारतात. (जाता जाता सांगतो, वसईच्या मोहिमेत हाती आलेल्या पोर्तुगीज घंटा मराठ्यांनी देवळांना दिल्या. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला, मेणवलीला त्या अजून आहेत.) मग घरी जपमाळ सुरू होते. दफनाला कोण येणार हा प्रश्नच नसतो. ज्याच्याशी बांधावरून वर्षभर अबोला आहे, तोही मूठभर माती टाकायला येतो. मी तर म्हणेन, धर्मग्राम म्हणजे काय हे रविवारच्या मिस्सेपेक्षा दफनाच्या वेळी जास्त कळतं. रविवारी माणसं देवासाठी येतात, दफनाला एकमेकांसाठी.

बाकी सगळं पाळीवर चालतं. चर्चच्या सणाआधी नऊ दिवसांचं नोव्हेना असतं. एकेक दिवस एकेका आळीला, मंडळाला वाटून दिलेला. मे महिन्यात गावातल्या क्रुसापाशी जपमाळ. क्रूस सजवायचा कुणी, खाऊ वाटायचा कुणी, हे ठरलेलं. वाचन कुणी करायचं, गायचं कुणी, झाडू कुणाकडे, सगळ्याच्या याद्या. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी नावाची एक संस्था १८३३ साली पॅरिसमध्ये सुरू झाली, तिच्या शाखा आपल्याकडेही धर्मग्रामांत आहेत. तिचे सदस्य दोघा-दोघांनी गरजू घरी जातात. त्यांच्या सभेत एक पिशवी फिरते. प्रत्येक जण मूठ आत घालतो आणि बाहेर काढतो. कुणी नोट टाकली, कुणी नाणं, कुणी काहीच नाही, हे शेजाऱ्यालाही कळत नाही. मला ही पिशवी पुष्कळ प्रवचनांपेक्षा मोलाची वाटते. १९१८ साली सावकारी पाशातून शेतकऱ्याला सोडवायला इथे पतसंस्था निघाली, तिची पुढे बसीन कॅथॉलिक सहकारी बँक झाली. तीही अशाच एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांच्या भरवशावर.

हे सगळं गोड गोड आहे असं मात्र समजू नका. जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे सगळे सगळ्यांवर नजरही ठेवतात. सामवेदी, ज्यांना कुपारी म्हणतात ते, वाडवळ, कोळी असे आमच्यात समाज आहेत. एकाच वेदीवरून ख्रिस्तप्रसाद घेतला, तरी मुलीचं स्थळ बघताना पूर्वी 'आपल्यातला आहे का' हे आधी विचारलं जाई. आता ते पुष्कळ कमी झालं. पण ते धर्मग्रामाने ठरवून कमी केलं, की मुलंमुली लोकलने कॉलेजला जाऊ लागली म्हणून झालं, हा प्रश्न आपण स्वतःला विचारलेला बरा.

तर भाषा. आमच्या घरी बोली दोन-तीन प्रकारच्या. कुपाऱ्यांची कादोडी, वाडवळांची वाडवळी, कोळ्यांची आणखी वेगळी. प्रार्थनेची भाषा यांपैकी कुठलीच नव्हती. १९६० च्या दशकापर्यंत मिस्सा लॅटिनमध्ये होई. प्रवचन तेवढं मराठीत. निरक्षर आज्या लॅटिन प्रतिसाद तोंडपाठ म्हणत. अर्थ विचारला तर 'देवाला कळतो' म्हणत. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने डिसेंबर १९६३ मध्ये उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि लोकभाषेला वेदीची वाट मोकळी झाली. धर्मगुरू लोकांकडे तोंड करून मराठीत बोलू लागले. १९६९ मध्ये भारतातल्या उपासनेसाठी आरती, पंचांग प्रणाम, जमिनीवर बसणं अशा बारा गोष्टींना रोमने मान्यता दिली. पेटी-तबल्यावर भजनाच्या वळणाची गीतं आली. सगळ्यांना ते रुचलं नाही. लॅटिनच्या सवयीत वाढलेल्या पिढीला हे चर्चमध्ये देऊळ आणल्यासारखं वाटलं. मराठी प्रार्थना आज आपल्याला जुनी परंपरा वाटते, पण मिस्सेच्या बाबतीत ती साठेक वर्षांचीच आहे, हे म्हणून लक्षात ठेवायचं. आणि ती कादोडी नव्हे, वाडवळीही नव्हे. शाळेत शिकलेली प्रमाण मराठी. ज्या बोलीत आम्ही भांडतो, तिच्यात आम्ही प्रार्थना करत नाही. पापनिवेदनाची गोष्ट वेगळी. तिथे माणूस हळूच घरच्या बोलीवर येतो!

पण या साठ वर्षांत या मराठीने काय काय दिलं! 'सुवार्ता' मासिकाने वसईत लिहिणारी-वाचणारी माणसं घडवली. त्याचे दोन दशकांहून अधिक काळ संपादक असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी 'सुबोध बायबल' लिहिलं, हरित वसईसाठी लोकांना रस्त्यावर आणलं आणि २०२० च्या उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद भूषवलं. २०२४ मध्ये ते गेले. १९९८ साली मुंबईपासून वेगळा वसई धर्मप्रांत झाला, त्याचे पहिले बिशप थॉमस डाबरे, त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता तुकोबांचा ईश्वरानुभव. चर्चमधल्या मराठीने नुसती प्रार्थनेची सोय केली नाही. तिने वसईच्या ख्रिस्ती माणसाला महाराष्ट्राच्या मोठ्या अंगणात उभं केलं.

आता ही मराठी अडचणीत आहे, आणि बाहेरच्या कुणी तिच्यावर हल्ला केलेला नाही. आपणच मुलांना इंग्रजी शाळेत घातलं. त्यात गैर काही नाही. ज्याला त्याला मुलाच्या पोटापाण्याची काळजी. पण शाळा इंग्रजी झाली की धर्मशिक्षणाचा वर्ग इंग्रजी होतो, मग मुलांची मिस्सा इंग्रजी होते. आजी गेल्यावर घरी जी जपमाळ होते, तिच्यात नातवंडं पुटपुटतात, ओठ हलवतात आणि मधेच मोबाइलकडे बघतात. दुःख त्यांनाही झालेलं असतं. ते मांडायला आजीचे शब्द तेवढे त्यांच्याकडे नसतात.

पुढे काय होऊ शकतं ते पाहायला लांब जायला नको, वांद्र्याला उतरलं तरी पुरे. तिथल्या गावठाणातले ईस्ट इंडियन मूळचे आपल्यासारखेच, कोळी-भंडारी-कुणबी, घरी मराठीची बोली बोलणारे. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या पन्नासाव्या वर्षी, त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. गोव्याहून नोकरीला येणाऱ्या ख्रिश्चनांहून आपण वेगळे आणि इथले मूळचे, हे इंग्रज सरकारला दाखवायचं होतं. इंग्रजी शाळा त्यांच्या दाराशी आपल्या आधी आली, आणि त्यांची प्रार्थनाही आधी इंग्रजी झाली. लग्नातली गाणी राहिली, मसाला राहिला, लुगडं सणाला निघतं. पण मराठी पुस्तक, मराठी वर्तमानपत्र, मराठी सभा यांच्याशी नातं पातळ झालं. श्रद्धा कमी झाली असं मी म्हणत नाही. त्यांच्यातले कितीतरी आपल्यापेक्षा भाविक आहेत.

दुसरी बाजूही आहे, आणि ती नुसती तक्रार म्हणून बाजूला सारता येणार नाही. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. स्टेशनजवळच्या इमारतींत मंगळूरचे, गोव्याचे, केरळचे, तमिळ कॅथलिक राहायला आले. मुंबईत घर परवडेना म्हणून आले. त्यांचाही धर्मग्राम हाच. हद्दीचा नियम त्यांनाही लागू. त्यांना आपली मराठी येत नाही आणि त्यांची एकमेकांत भाषा एक नाही. इंग्रजी मिस्सा त्यांची गरज आहे. 'आमच्या चर्चमध्ये मराठीच' म्हणून दार अडवणं हे ख्रिस्ती वागणं नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे. डहाणू-तलासरीकडचे वारली ख्रिस्तीही याच धर्मप्रांतात आहेत. त्यांच्या बोलीचा विचार तर आपण क्वचितच करतो.

मग करायचं काय? मला विचाराल तर मी आधी चर्चच्या फाटकावरचं वेळापत्रक बघेन. जिथे मराठी मिस्सा फक्त पहाटेची आहे आणि मुलांच्या सोयीच्या वेळी इंग्रजी, तिथे पुढचं भाकीत करायला ज्योतिषी नको. पहाटे कोण उठतं? म्हातारी माणसं. त्यांच्याबरोबर ती मिस्साही म्हातारी होते. तेव्हा महिन्यातून निदान एक रविवार तरी भर सकाळची, तरुणांनी गायलेली, चांगल्या तयारीची मराठी मिस्सा असावी. दुसरं म्हणजे याद्या. इमारतीत नव्याने आलेल्या कुटुंबाला नोव्हेनाचा दिवस कधी मिळतो? पहिल्या वर्षी की दहा वर्षांनी? पिशवी घेऊन घरोघर जाणाऱ्या जोडीत एक गाववाला आणि एक नवखा असा का नसावा? दारिद्र्य बघायला गेलेली माणसं दोन वाक्यं एकमेकांची शिकतातच. मंगळूरच्या कुटुंबाने क्रुसापाशी एक संध्याकाळ सांभाळली, की ते पाहुणे उरत नाहीत. त्यांच्या मुलांना मराठी लावायची तर ती अशा संध्याकाळीच लागेल, परिपत्रकाने नाही.

एक छोटी गोष्ट हल्ली दिसते. गायकवृंदातली मुलं मराठी गीतं मोबाइलवर रोमन लिपीत लिहून घेतात. देवनागरी वाचताना त्यांना दम लागतो. वडीलधाऱ्यांना याचा राग येतो आणि तो मला समजतो. पण फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने रचलेलं 'ख्रिस्तपुराण', ओव्यांतला एवढा मोठा मराठी ग्रंथ, १६१६ साली गोव्यात रायतूरला छापला गेला तो रोमन लिपीतच. देवनागरीत तो छापून आला १९५६ साली, पुण्याला, शांताराम बंडेलू यांच्या संपादनाखाली. मधे ३४० वर्षं गेली. आपल्या मुलांना तितकी मुदत द्यायचं कारण नाही, पण गाणं चालू असताना मोबाइल हिसकावून घेण्याचंही नाही. शनिवारी सरावाच्या वेळी कुणी मावशी किंवा निवृत्त गुरुजी अर्धा तास आधी आले आणि त्याच गीताची देवनागरी प्रत समोर ठेवून शब्द लावून घेतले, तर नाताळपर्यंत निम्मी मुलं कागद बघून गाऊ लागतील. वाचनाच्या यादीत मग त्यांची नावं घालावीत. आणि पहिल्यांदा एखादा पोरगा वाचताना अडखळला तर पुढच्या बाकांवरच्यांनी वळून बघू नये, एवढी विनंती.