जुनी गाडी, घरचे हात



आमच्या पारनेर तालुक्याकडे उन्हाळ्यात भंगारवाल्याची हाळी आली, की घरोघरची माणसे गोठ्याकडे वळतात. फुटकी घमेली, मोडकी पाभर, गंजलेली पत्र्याची पेटी, जे असेल ते बाहेर येते. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात असाच एक भंगारवाला दारात आला. मी गोठ्याच्या कोपऱ्यातली वडिलांची लुना ओढून बाहेर काढली. चाकांत हवा नव्हती, सीटचे उंदरांनी घरटे केले होते. भंगारवाल्याने गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "800 देतो." मी हो म्हणणार, एवढ्यात ओसरीवरून तात्यांचा आवाज आला, "तिला पाणी तरी पाज आधी. मग वीक."

तात्या म्हणजे माझे वडील. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. वय आज चौऱ्याऐंशी. ही लुना त्यांनी 1984 साली घेतली आणि चौदा वर्षे तिच्यावरून शाळा केली. पाणी पाज म्हणजे धुऊन काढ. मी धुतली. चिखलाखालून मूळचा रंग निघाला आणि मला काही ती विकवेना. आज मी आपल्याला सांगणार आहे ती या गाडीच्या दुरुस्तीची हकीकत. पण त्यात एक चूकही आहे, आणि खरे म्हणजे त्या चुकीसाठीच मी इथे बोलायला आलो आहे.

लुना ही आपल्या नगरची लेक. ह. क. फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने 1972 साली ती बाजारात आणली. इटलीतल्या पियाज्यो कंपनीच्या चिआओ या छोट्या गाडीच्या धर्तीवर ती बेतली होती. 50 सीसीच्या आतले इंजिन, गिअर नाहीत, क्लच दाबायचा नाही, आणि सायकलीसारखे पायडल. स्टँडवर उभी करायची, पायडल मारायचे, की इंजिन धरते. पेट्रोल संपले तर पायडल मारीत घरी यायचे. शिक्षक, पोस्टमन, दूधवाले, भाजीवाल्या बायका यांना पहिल्यांदा इंजिनाचे वाहन परवडले ते हिच्यामुळे. पुढे ती बंद झाली. 2024 च्या फेब्रुवारीत तेच नाव विजेच्या गाडीला देण्यात आले. पण गोठ्यागोठ्यांतून जुन्या लुना अजून उभ्या आहेत. कुणाकडे राजदूत असेल, कुणाकडे जावा, कुणाकडे बुलेट. मी सांगतो त्यातले बरेचसे त्यांनाही लागू पडेल.

पहिली गोष्ट म्हणजे घाई करू नये. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या गाडीला लगेच पायडल किंवा किक मारू नये. आत पिस्टन गंजून सिलिंडरला धरलेला असतो. जोर केला तर तो चिरतो. आम्ही प्लग काढला, त्या भोकातून थोडे डिझेल आणि थोडे इंजिन ऑइल सोडले आणि चार दिवस गाडीला हात लावला नाही. पाचव्या दिवशी फिरवून पाहिले तर पिस्टन लोण्यासारखा सुटला. तोच प्रकार नट-बोल्टांचा. गंजलेला नट जोराने फिरवला, की आटे जातात किंवा बोल्ट तुटतो. आदल्या रात्री डिझेल लावून ठेवावे आणि सकाळी बरोबर मापाचा पाना लावावा. सैल पान्याने नटाचे कोपरे जातात, मग तो कुणाच्याच हाताला येत नाही.

दुसरी गोष्ट मांडणीची. खोलणे सोपे असते. खरी परीक्षा परत जोडण्याची. आम्ही सुटे भाग काढता काढता मोबाइलवर फोटो घेतले, आणि प्रत्येक जोडाचे नट-बोल्ट वेगवेगळ्या डब्यांत ठेवून वर चिठ्ठी चिकटवली. हे काम माझ्या बहिणीच्या मुलाने केले. तो सुटीत आजोळी आला होता, वय सतरा. पोरगा हुशार, अक्षर वळणदार. त्याच्या चिठ्ठ्या नसत्या तर गाडी आजही पोत्यात असती.

आता पेट्रोलच्या टाकीविषयी. आत गंज असतो आणि जुने पेट्रोल आटून डिंकासारखे झालेले असते. टाकी उन्हात वाऱ्यावर पूर्ण रिकामी करावी. नंतर कोमट पाण्यात लिंबूसत्त्व, लिटरला साधारण 50 ग्रॅम, घालून ते टाकीत एक-दोन दिवस ठेवावे. गंज सुटतो. मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुवावे, म्हणजे आम्ल मरते. लगेच वाळवून आत थोडे ऑइल फिरवावे, नाहीतर संध्याकाळपर्यंत पुन्हा तांबूस होते. एक गोष्ट मात्र कधीही करू नये. पेट्रोलची टाकी गळते म्हणून ती तशीच वेल्डिंगला नेऊ नये. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत वाफ असते, आणि ती वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक. हे काम जाणत्या कारागिराचेच. तसेच सुटे भाग पेट्रोलने धूत असाल तर चूल, विडी आणि देवापुढची निरांजनसुद्धा दूर ठेवा.

लुनाचे इंजिन टू-स्ट्रोक. त्याला वंगणाची वेगळी सोय नसते. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावे लागते, आणि तेच आत जाऊन बेअरिंग व पिस्टन यांना ओले ठेवते. नुसते पेट्रोल घातले तर गाडी काही मैल छान पळेल आणि मग जाम होईल. उलट ऑइल जास्त झाले तर धूर होतो आणि काजळी धरते. ही काजळी धूर बाहेर पडायच्या वाटेवर आणि सायलेन्सरमध्ये साचते. गाडी चढाला ओढत नाही, अशी जी तक्रार असते तिचे कारण पुष्कळदा हेच. काजळी खरवडताना पेचकस वापरू नये. पिस्टन अॅल्युमिनियमचा, म्हणजे मऊ. लाकडाची धारदार चिपटी पुरते.

कार्बोरेटरचे बारीक भोक, ज्याला जेट म्हणतात, ते तारेने कोरू नये. भोक मोठे झाले की पेट्रोलचे माप बिघडते. स्वच्छ पेट्रोलने धुऊन हवेच्या पंपाने फुंकावे. ठिणगी येत नसेल तर मॅग्नेटोतले पॉइंट बारीक पॉलिश पेपरने पुसून त्यांतली फट नीट करावी. आमची ठिणगी एवढ्यानेच आली.

आता एक नवी गोष्ट. पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्या जिल्ह्याला इथेनॉल परके नाही. विठ्ठलराव विखे पाटलांनी प्रवरेला सहकारी साखर कारखाना उभा केला, तेव्हापासून ऊस आणि मळी हा आपला घरचा विषय आहे. शेतकऱ्याच्या दृष्टीने इथेनॉल चांगलेच. पण 1984 ची गाडी त्यासाठी बनलेली नाही. इथेनॉल जुन्या रबराला फुगवते, ठिसूळ करते, आणि हवेतले पाणी ओढून घेते. म्हणून पेट्रोलची नळी, वायसर आणि सील नव्या जातीचे घालावे, आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी व कार्बोरेटर रिकामे करून ठेवावे.

असो. एके दिवशी संध्याकाळी भाच्याने पायडल मारले आणि लुना बोलली. श्रोतेहो, तो आवाज ऐकून गल्लीतली निम्मी माणसे अंगणात आली. चहा झाला. मी फुशारलो. आणि इथेच ती चूक झाली.

भाचा म्हणाला, "मामा, मळ्यापर्यंत एक चक्कर मारून येऊ?" मी म्हणालो, "जा, पण हळू." ब्रेकचे काम राहिले होते. केबल वरून चांगली दिसत होती, म्हणून मी ते दुसऱ्या दिवसावर टाकले होते. ओढ्याच्या उतारावर पोराने ब्रेक दाबला आणि आतून गंजलेली केबल तुटली. गाडी बांधावरच्या घायपातात गेली. नशीब की पुढे विहीर नव्हती. पोराचे मनगट मोडले. सहा आठवडे हात प्लास्टरमध्ये. डोक्याला हेल्मेट नव्हते आणि गाडीचे कागदही संपलेले होते. बहिणीला फोन करताना माझी जीभ जड झाली. दोष पोराचा नव्हता, गाडीचाही नव्हता. दोष माझा. तात्या मला रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "गाडी आधी थांबायला पाहिजे. चालणे नंतरचे." चाळीस वर्षांत शिकवताना त्यांनी मला इतके लहान वाक्य कधी सांगितले नव्हते.

म्हणून माझी आपल्याला हात जोडून विनंती आहे, की क्रम उलटा ठेवा. आधी ब्रेक, मग टायर, मग दिवे, आणि शेवटी इंजिन. केबल चांगली दिसली तरी नवीनच घाला. टायरला खाचा असल्या तरी जुने रबर आतून चिरलेले असते, तेही बदला. ब्रेकचे ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकू नका. जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असे आणि त्याची धूळ फुप्फुसाला वाईट. ओल्या फडक्याने पुसा आणि फडके पिशवीत बांधून टाका.

हात बरा झाल्यावर भाच्याने दुसरा विषय काढला. त्याला गाडी सजवायची होती. उंच हँडल, फाडफाड आवाजाचा सायलेन्सर, मोठे इंजिन. तरुण मुलांना हे वाटणारच. मी त्याला कायदा वाचायला लावला. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 असे सांगते, की कारखान्याने ठरवलेल्या मूळ रचनेत मालकाला मनाला येईल तसा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही 2019 साली हेच स्पष्ट केले. रंग बदलता येतो, पण त्याची नोंद करावी लागते. विजेची मोटर बसवायची तर मान्यताप्राप्त संचच लागतो आणि परिवहन कार्यालयात नोंद लागते. मग आम्ही काय केले? सीटला नवी गादी, मागे दुधाच्या किटलीसाठी मजबूत कॅरिअर, पुढे टोपली, दोन आरसे. गाडी सजली आणि मूळ गाडीही राहिली.

कागदांचेही सांगतो. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवावी लागते. शिवाय विमा आणि धुराचे प्रमाणपत्र. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षे झालेल्या आणि मूळ स्वरूपातल्या गाड्यांसाठी 2021 साली वेगळे नियम आले. त्यांना विंटेज म्हणून नोंदता येते, पण ती गाडी रोजच्या कामाला वापरता येत नाही. 1972 च्या पहिल्या लुना त्या वयाला पोचल्या आहेत. आमची पोचेल 2034 साली. तोवर तिने साधे कागद सांभाळायचे.

रंगाच्या बाबतीत भाचा आणि मी नगरला जाऊन रणगाडा संग्रहालय पाहून आलो. 1994 साली सुरू झालेल्या या संग्रहालयात देशोदेशींचे रणगाडे आहेत, 1965 च्या युद्धातला पॅटनही आहे. ते पाहून भाचा म्हणाला, "मामा, जुन्या वस्तूचे सगळेच वण मिटवायचे नसतात." मग आम्ही गंज घासला, रेड ऑक्साइडचा हात दिला, मूळचाच रंग लावला. पण तात्यांच्या दप्तराचा पट्टा घासून मागच्या नळीवर जी चकाकी आली होती, ती तशीच ठेवली.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना शेवटी एक सुचवावेसे वाटते. गावात अशी एखादी निकामी गाडी असेल तर टाकी आणि पेट्रोल काढून ती शाळेत मागून घ्या. लोखंड गंजायला हवा आणि पाणी दोन्ही लागतात, हे पुस्तकात वाचून मुले विसरतात. कोरड्या गोठ्यातला बोल्ट आणि ओल्या जमिनीला टेकलेला बोल्ट शेजारी ठेवला, की ती विसरत नाहीत. ब्रेकची मूठ ही तरफ आहे, नटाचे आटे म्हणजे गुंडाळलेला उतार आहे, हे हाताने कळते. आणि खोललेले परत जोडायचे ही जी सवय आहे, ती तर कुठल्याच विषयात वाया जात नाही.

आमची लुना आता अंगणात उभी असते. सगळे काम झाले त्या दिवशी आम्ही तात्यांना तिच्यावर बसवले, स्टँडवरच. इंजिन सुरू करायच्या आधी त्यांनी दोन्ही ब्रेक दोनदा दाबून पाहिले. मग भाच्याकडे पाहिले आणि म्हणाले, "हं, आता मार पायडल."

भंगारवाला यंदाही आला होता. त्याने लुनाकडे पाहिले, हसला आणि पुढच्या घराकडे गेला.