राखणदाराची नोंद कुठे आहे?





सीमापार स्थलांतराच्या धोरणावरची परिषद रत्नागिरीत कशी, असं मला अनेकांनी विचारलं. मिरकरवाडा बंदरावर जाऊन पाहा. १ ऑगस्टला मासेमारी सुरू झाली की नौकेवर तांडेल इथला असतो, जाळं ओढणारे खलाशी मात्र बरेचसे नेपाळचे. आंब्याला मोहोर आला की राखणीला आणि फवारणीलाही नेपाळीच. मी बागायतदार आहे. त्यांच्यावाचून माझ्या हापूसची पेटी बाजारात पोचणार नाही.

ही माणसं येतात ती १९५०च्या भारत-नेपाळ मैत्री कराराच्या आधारावर. त्याच्या सातव्या कलमाने दोन्ही देशांच्या नागरिकांना एकमेकांकडे राहण्याची, मालमत्ता घेण्याची, व्यापाराची आणि फिरण्याची मुभा दिली. ही मुभा टिकलीच पाहिजे. पण सीमा खुली ठेवली म्हणजे येणाऱ्याची सोय झाली, असं दोन्ही सरकारं धरून चालली. आपला १९७९चा स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्यांसाठी. नेपाळमध्ये आखातात किंवा मलेशियात जाणाऱ्याला सरकारची श्रमस्वीकृती घ्यावी लागते. भारतात येणाऱ्याला ती लागत नाही, म्हणून तिथल्या दप्तरीही त्याची नोंद होत नाही.

मार्च २०२०मध्ये सीमा बंद झाली. घराकडे निघालेले मजूर धारचुल्याला महाकाली नदीच्या अलीकडे अडकले. समोर आपला देश आणि मधला पूल बंद. काहींनी नदीत उड्या टाकल्या. या करारासह दोन्ही देशांच्या संबंधांचा विचार करायला नेमलेल्या मान्यवर गटाने त्याआधीच, २०१८मध्ये, अहवाल तयार केला होता. तो वर्षानुवर्षं पडून राहिला, याचं मला फार वाईट वाटतं.

कोकणातला माणूस गिरणीत गेला, बोटीवर गेला, आखातात गेला. परमुलखात त्याला काही झालं तर कळवणार कोण, ही धास्ती आमच्या आयाबहिणींनी भोगली आहे. म्हणून सुरुवात आपणच करू या. प्रत्येक मच्छीमार सोसायटीने आणि बागायतदाराने आपल्या कामगाराचं नाव, गाव आणि घरचा फोन लिहून ठेवावा, त्याच्या मुलांना जवळच्या शाळेत घालावं. आणि या परिषदेच्या ठरावात दोन्ही सरकारांकडे एक मागणी जरूर असावी : सीमा ओलांडून आलेल्या प्रत्येक कामगाराची नोंद आणि त्याचा अपघात विमा.